जावईबापूंनी मागितलेली ताडपत्री

आधी चहा संपवून घ्या. मागच्या खेपेला हे सांगत होतो, तेव्हा माझ्या एका फौजी दोस्ताला नेमका घोट घेताना ठसका लागला आणि माझा पांढरा सदरा कायमचा कामातून गेला. तेव्हा कप खाली ठेवा, मग ऐका. भर उन्हाळ्यात लोकरीचा स्वेटर घालून मी जावयासमोर गप्पा मारत बसलो होतो, ही काही माझी फजिती नव्हे. ती नुसती सुरुवात होती!

तर आमचं गाव कडेगावच्या अलीकडे. थोडा ऊस, एक म्हैस आणि फौजेतून रिटायर होऊन आलेला मी. मुलगी एकच, रुपाली. ती दिलीय मेढ्याच्या घरात, पण जावई नितीनराव राहतात रत्नागिरीला. तिथं त्यांचं एसीचं काम आहे. नवे बसवायचे, बिघडलेले दुरुस्त करायचे, वेळच्या वेळी धुऊन साफ करून द्यायचे. समुद्रकाठाला या कामाला मरण नाही म्हणतात, कारण खारा वारा मशीन खातो. माणूस एकदम सरळ. बोलणं कमी, हात सतत चालू. आणि त्या चालू हातांमुळंच सगळा घोटाळा झाला.

पहिल्या दिवाळसणाला दोघं आमच्याकडे आले. मी आपला कौतुकानं गावभर सांगत सुटलो, की आमचे जावई मशीनचे डॉक्टर आहेत म्हणून. झालं! माणूस अंगाला उटणं लावून पाटावर बसलाय आणि दारात तात्या फ्रीज घेऊन हजर. तात्या म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ, घर आमच्या शेजारीच. त्यांच्या फ्रीजमागून कुणाचा मिक्सर आला, कुणाचा टेबलफॅन, कुणाची विहिरीवरची मोटार. 'बघतील की आमचे जावई!' हे प्रत्येकाला कोण सांगत होतं? मीच! नितीनरावांना 'नाही' म्हणता येत नाही. पाडव्याला रुपाली ओवाळायला ताट घेऊन उभी, आणि नवरा कुठं, तर वरच्या आळीला कुणाच्या तरी पत्र्यावर.

रुपाली निघाली. गाडीत बसली, काच खाली केली आणि शांतपणे म्हणाली, "आण्णा, मी नवरा घेऊन आले हुते, मिस्त्री न्हाई." आणि काच वर.

लेकीचं बोलणं लागतंच. त्यातून ते खरं असलं की फार लागतं. पुढे संक्रांत गेली, गावची यात्रा गेली, रुपाली आली नाही. आईशी फोनवर बोलायची. मी फोन घेतला की म्हणायची, 'बरं हाय आण्णा, कामात हाय.' मी फोन ठेवून उगीच म्हशीपाशी जाऊन उभा राहायचो.

यंदा अधिक महिना नेमका उन्हाळ्यात आला. अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे जेवू घालायचे आणि जावयाला जाळीदार अनारशांचं वाण द्यायचं, ही आपली रीत. आमच्या हिनं फोनवर रडून-भेकून रुपालीला तयार केलं. पण तिनं अट घातली. जावयाला घरातल्या कुठल्याही मशीनला हात लावायला सांगायचं नाही. बल्बसुद्धा बदलायला लावायचा नाही. मशीनचा विषयच काढायचा नाही. मी शब्द दिला. या वेळी चुकलो तर लेक पुन्हा उंबरा चढायची नाही, हे तिनं सांगितलं नाही, पण मला बरोबर कळलं.

आता, नुसता शब्द देऊन गप बसावं की नाही? पण मी पडलो हौशी. म्हटलं, हा माणूस अख्ख्या रत्नागिरीला गार हवा पुरवतो आणि सासरी येऊन घाम पुसत बसणार? मधल्या खोलीला एसी बसवून टाकला! दुकानातले लोक आले, आतलं मशीन भिंतीवर बसवलं, बाहेरचं मशीन पडवीच्या स्लॅबवर ठेवलं आणि गेले. खोली अशी गार पडली, की आमची ही दुधाचं पातेलं घेऊन आली आणि म्हणाली, "हितंच ठेवते, नासायचं न्हाई."

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी दुपारी वळवाचं आभाळ भरून आलं. वावटळ सुटली, सगळीकडे धूळच धूळ. आणि मला एकदम नितीनरावांचं दिवाळीतलं बोलणं आठवलं. मशीन उघडं राहिलं की वारा त्याला खातो, असं ते म्हणाले होते. आता ते म्हणाले होते समुद्राच्या वाऱ्याबद्दल. आमच्या आणि समुद्राच्या मधे अख्खा सह्याद्री उभा आहे! पण मला त्या वेळी सह्याद्री आठवला नाही, त्याला मी काय करू?

कडब्यावर टाकायला आणलेली कोरी ताडपत्री काढली, शिडी लावून स्लॅबवर चढलो आणि बाहेरचं मशीन चारी बाजूंनी गुंडाळून टाकलं. वरून नायलॉनची दोरी आवळली. गाठी फौजेत शिकलेल्या, साध्यासुध्या नव्हेत. मुंगीला आत शिरायला वाट ठेवली नाही. पाऊस काही पडला नाही, पण मी मोठ्या समाधानानं खाली उतरलो.

संध्याकाळी एसी लावला, तर हवा गरम!

रिमोट खाली-वर केला, बटणं दाबून दाबून अंगठा दुखला. हवा येत होती, पण गरम. दुकानाला फोन केला. ते म्हणाले, उन्हाळ्याची गर्दी आहे, परवाशिवाय माणूस मिळणार नाही, तोवर बाहेरच्या मशीनवर जरा नजर टाका. मी म्हटलं, त्याची काळजीच सोडा, त्याला मी धूळसुद्धा लागू दिलेली नाही!

बघा हं माझी अवस्था. एसीचं काम करणारा जावई घरी येणार, घरात एसी बिघडलेला, आणि नेमकं त्यालाच ते कळता कामा नये. कळलं, की तो माणूस पाण्याचा तांब्या खाली ठेवून स्टुलावर चढणार. रुपाली ते बघणार. संपलं! आमची ही म्हणाली, सरळ सांगून टाकू या. मी म्हटलं, "त्येंला बिघडलाय म्हणून सांगितलं, म्हंजे हात लावा म्हणून सांगितल्यागतच हाय." तिला पटलं. तिथंच आम्ही ठरवून टाकलं, की एसी चालू आहे असंच वागायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक-जावई आले. नितीनराव गाडीतून उतरले, त्यांची नजर वर स्लॅबवर गेली आणि तिथंच थांबली. तोंड उघडलं. रुपालीनं त्यांच्याकडे बघितलं. तोंड मिटलं.

मला वाटलं, आपला बंदोबस्त बघून पाहुणे चाट पडले.

"मामा," ते म्हणाले, "ताडपत्री लय भारी हाय."

"ताडपत्रीचं काय घेऊन बसलाय? गाठी बघा!" मी म्हटलं.

रुपाली आईबरोबर स्वयंपाकघरात गेली. मी जावयाला मधल्या खोलीत नेऊन बसवलं. एसी चालू आहे म्हटल्यावर खिडक्या बंद पाहिजेत, म्हणून त्या घट्ट लावल्या. आणि त्यांना जराही शंका येऊ नये म्हणून मी ट्रंकेतला फौजेतला स्वेटर काढून अंगात चढवला.

हसू नका. त्या वेळी ते फार शहाणपणाचं वाटलं होतं.

मी विचारलं, कसं काय वाटतंय पाव्हणं? ते म्हणाले, गार हाय की. आणि कपाळावरचा घाम त्यांच्या कानामागून खाली ओघळला. तेवढ्यात आमची ही वाकळ घेऊन आली. गारठा बाधेल म्हणाली. मला वाटलं, आता काही हा माणूस ऐकून घ्यायचा नाही. पण नितीनरावांनी निमूटपणे वाकळ घेतली आणि गुडघ्यांवर पांघरली. असा जावई मिळायला भाग्य लागतं, मी उगीच म्हणत नाही. आम्ही दोघंही निथळत होतो आणि मेढ्याला थंडी जास्त की महाबळेश्वरला, यावर बोलत होतो.

बोलता बोलता ते मधेच म्हणाले, "मामा, वाण म्हणून मला ती ताडपत्री द्याल का? दुसरं काय बी नको."

मी गारच झालो. आतून, बाहेरून नव्हे. जावयानं कधी नाही ते काहीतरी मागितलं, आणि मागितलं काय, तर म्हशीच्या कडब्यावर घालायची ताडपत्री! तीही वापरलेली! गावात काय तोंड दाखवू? मी म्हटलं, ती जुनी कशाला, नवी देतो. ते 'नको नको' म्हणत असताना मी मोटारसायकलला किक मारली आणि कडेगावात गेलो. बाजारात जो तो ताप आलाय का म्हणून विचारत होता. का विचारतायत ते मला परत आल्यावर कळलं. स्वेटर अंगातच होता.

नवी ताडपत्री पहिलीपेक्षा मोठी आणली होती. नितीनरावांनी ती हातात घेतली, उलटसुलट बघितली आणि पडलेल्या आवाजात म्हणाले, "ही नको मामा. तीच पायजे हुती. आणि आत्ता सोडून दिली तर लय बरं हुईल."

आता मात्र ही घाबरली. मला बाजूला घेऊन म्हणाली, जावई रुसलेत. नवं कोरं दिलेलं नको आणि जुनंच पाहिजे, हे काय सरळ लक्षण आहे? मलाही ते पटलं. जावयाचा रुसवा कसा काढायचा, हे कुठल्या फौजी ट्रेनिंगमधे शिकवत नाहीत. म्हणून गेलो तात्यांकडे.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं, तंबाखूची गोळी गालात सरकवली आणि म्हणाले, "येडा का काय तू? ताडपत्री मागणाऱ्या माणसाला ताडपत्री नको असती, गड्या. ताडपत्री म्हंजे काय? छप्पर. त्येंला दुकानावर शेड पायजे. जावईमाणूस सरळ कसं बोलंल?"

मला एकदम उजेड पडल्यासारखं झालं. बिचारे! समुद्रावरच्या पावसात दुकान गळत असेल आणि संकोचानं माणूस ताडपत्री ताडपत्री करतोय.

रात्री सगळे गच्चीवर झोपलो, त्यामुळं एसीचा प्रश्न तेवढ्यापुरता सुटला. पण पहाटे मला जाग आली, तर नितीनराव कठड्याशी उभे राहून खाली स्लॅबवरच्या ताडपत्रीकडे टक लावून बघतायत! एक पाय कठड्यावर. मी म्हटलं, पाव्हणं, कुठं निघाला? त्यांनी पाय खाली घेतला आणि कुठं न्हाई म्हणाले. छपराचा एवढा घोर लागलाय पोराला! मी मनाशी पक्कं केलं, की आज जेवणाच्या पंगतीत जाहीर करायचं.

दुपारी पाट मांडले, रांगोळी काढली. पंगतीला नितीनराव, तात्या आणि मी. खोली मधलीच, कारण एसी तिथं. खिडक्या बंद. माझ्या अंगात स्वेटर. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, आणि समोर अनारशांचं ताट. नितीनरावांना नव्या कपड्यांत एवढा घाम आला होता, की कपाळावरचं कुंकू नाकापर्यंत उतरलं होतं.

मी घसा खाकरला. म्हटलं, "नितीनराव, मनात काय बी ठेवू नका. तुमच्या दुकानावर छप्पर मी घालून देतो."

तात्यांनी मान हलवली. रुपाली तूप वाढत होती, तिचा हात थांबला.

"छप्पर?" ती नवऱ्याकडे वळली. "तुमी माझ्या आण्णांकडं छप्पर मागितलं?"

नितीनरावांचा घास हातातच राहिला. मला ती गाडीची वर जाणारी काच दिसायला लागली. सहा-सात महिन्यांनी लेक घरी आलेली, आणि या वेळी तिच्या संसारातच भांडण लावून दिलं मी!

"छप्पर न्हाई मागितलं," नितीनराव म्हणाले. "ताडपत्री मागितली."

"ताडपत्री कशाला?"

"ते सांगता यायचं न्हाई."

"का न्हाई?"

"तूच शप्पथ घातलीयास न्हवं?" त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. "मशिनला हात लावायचा न्हाई, मशिनचं नाव काढायचं न्हाई, नुसतं जावई म्हणून बसायचं. मग मी काय करू? ताडपत्री काय मशिन न्हवं. म्हणून कालपास्नं ताडपत्रीच मागतोय."

म्हणजे बघा! मला वाटत होतं, अट फक्त मलाच आहे. पोरीनं दोन्हीकडून नाकेबंदी केली होती.

रुपालीनं तुपाचं भांडं खाली ठेवलं. शपथ सुटली म्हणाली, आता सांगा.

नितीनराव माझ्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाहेरच्या मशिननं खोलीतली गरमी बाहेर टाकायची असती. मामांनी त्येला बांधून घातलंय. त्येनं ती टाकायची कुठं?"

तात्या खाली बघून अनारसा खायला लागले. आमच्या हिनं अनारशांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "जाळीचं वाण द्यायचा महिना," ती म्हणाली, "आणि मशिनची जाळी यांनी गुंडाळून ठेवली."

नितीनराव सवयीनं उठायला लागले. रुपाली म्हणाली, तुम्ही बसा, धोंडे संपवा, ज्यांनी बांधलंय ते सोडतील. मग काय, भर दुपारी मी स्लॅबवर. खाली सगळं घर माना वर करून उभं, आणि जावईबापू दारात ताट हातात घेऊन, शपथ सुटली तरी एक पाऊलही पुढे न टाकता. त्या फौजी गाठी मला सुटेनात! चटके बसून मी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचतोय आणि तात्या खालून सांगतायत, डावीकडनं ओढ, उजवीकडनं ओढ. शेवटी हिनं विळा वर फेकला आणि मी दोरी कापली. आतून अशी वाफ आली, की मला त्या मशीनची खरोखर दया आली. थोडा वेळ ते तसंच उघडं राहू दिलं, मग हिनं आत जाऊन एसी चालू केला. खोलीतून हिची हाक आली, गार येतंय!

मी खाली उतरलो तर रुपाली जमिनीवर बसून हसत होती. पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. एकजण शब्द दिला म्हणून स्वेटर घालून बसला आणि दुसरा शपथ घेतली म्हणून वाकळ पांघरून बसला, हे आठवून ती पुन्हा पुन्हा हसत होती. तिला असं हसताना दिवाळीपासून बघितलं नव्हतं. फजिती झाली तर झाली, मला त्या क्षणी एवढं बरं वाटलं म्हणून सांगू! वाटलं, आणखी एखादं मशीन गुंडाळावं.

निघताना नितीनरावांना दोन्ही ताडपत्र्या दिल्या. त्यांनीही हसत हसत घेतल्या. रुपाली गाडीत बसली आणि काच खाली केली.

"आण्णा, गौरीला येते," ती म्हणाली. "पर एक अट हाय."

अट सांगून टाकतो, लपवायचं काय त्यात? जावयाची शपथ तिनं सोडवली ती कायमची, आणि तीच उचलून माझ्यावर घातली! घरातल्या कुठल्याही मशीनला मी हात लावायचा नाही. बल्बसुद्धा बदलायचा नाही. मशीनचा विषयही काढायचा नाही. एसीचा रिमोट आता हिच्याकडे असतो, तोही कमरेला खोचलेला.

परवा दुपारी हिनं एसी लावला आणि शेजारणीशी बोलायला परड्यात गेली. खोली गारठली. माझे दात वाजायला लागले. बंद करावा, तर हात लावायचा नाही. हाक मारून सांगावं, तर विषय काढायचा नाही. फौजेतल्या माणसाचा शब्द आहे, मोडणार कसा? मुकाट्यानं ट्रंक उघडली आणि तोच स्वेटर अंगात चढवला.

तेवढ्यात तात्या दारात आले. त्यांनी मला बघितलं, स्वेटर बघितला आणि तसेच मागे वळून रस्त्यावर जाऊन ओरडले, "अवं, फौजीचा एसी पुन्यांदा बिघडला जणू!"

आणि खरं सांगतो, या खेपेला मला खरोखरच थंडी वाजत होती.